तिसऱ्या खोलीतला आवाज

माझी मावशी युद्ध संग्रहालयात मार्गदर्शक आहे. म्हणजे दिवसभर लढाई लढते आणि संध्याकाळी गरम पाण्यात पाय सोडून बसते. गालात कायम खोकल्याची गोळी, हातात मोडक्या छत्रीची दांडी. त्या दांडीने ती नकाशावरचे दिवे दाखवते, बंदुका दाखवते आणि तोफेवर चढणाऱ्या पोरांच्या पोटऱ्यांनाही हळूच प्रसाद देते.

तिच्या पोटात निदान डझनभर माणसं राहतात. सेनापती बोलतो तो थेट बेंबीतून, एकेक शब्द जिना उतरल्यासारखा. मंत्री नाकातून बोलतो आणि प्रत्येक वाक्याआधी "मी तर म्हणतो" म्हणतो. सहलीबरोबर येणाऱ्या शिक्षिकांचा आवाज ती त्यांच्यासमोरच काढते, "रांऽऽग कुठाय रांऽऽग", आणि त्या बिचाऱ्या मान हलवत म्हणतात, "बघा, मॅडमसुद्धा तेच सांगतायत." माझ्या घशात जी काही नक्कल आहे ती मावशीकडूनच आली आहे. घरात मला टेप म्हणतात.

संग्रहालय म्हणजे मूळचं धान्याचं कोठार. युद्धात तिथे सीमेपलीकडचे कैदी ठेवले होते. आता चुना फासून त्याच्या चार खोल्या केल्या आहेत. पहिलीत नकाशा, दुसरीत शस्त्रं, चौथीत बिल्ले विकायचं दुकान आणि बाहेर जायचा दरवाजा. पण शाळा येतात त्या तिसऱ्या खोलीसाठी. तिथे भिंतभर एक फोटो आहे. ह्याच कोठारात कैदी जमिनीवर बसलेत, आणि मधल्या एकाचं तोंड उघडं आहे, काहीतरी सांगता सांगता टिपल्यासारखं.

मावशी दांडी त्या तोंडावर ठेवायची. एक क्षण थांबायची. ह्या थांबण्यातच तिची खरी हुशारी होती. सगळा वर्ग श्वास धरायचा. आणि मग तो आवाज यायचा:

"दादाऽ, घोटभर पाणी देता का होऽऽ?"

पलीकडची भाषा आपलीच आहे, फक्त चाल वेगळी. वाक्य संपता संपता वर चढतं आणि शेवटच्या अक्षरावर पाय घसरल्यासारखं खाली येतं. मावशी ते असं काढायची की पोरं अक्षरशः जमिनीवर लोळायची. शिक्षिका आधीच कानाशी येऊन सांगायच्या, "मॅडम, ते पाणीवालं विसरू नका हं, पोरं त्याच्यासाठीच आलीत." गावातल्या प्रत्येक शाळेत मधल्या सुट्टीत नळावर कुणी ना कुणी ते म्हणतंच.

हा आवाज मावशीला काकांनी दिला. काका म्हणजे मावशीचे यजमान. युद्धात ते ह्याच कोठारावर पहाऱ्याला होते, मिसरूड फुटलेलं पोरगं. लग्नात, बारशात, कुणी पाहुणा आला की, "काका, ते कैद्याचं करा ना," आणि काका चष्मा काढून ठेवून करायचे. लग्न झाल्यावर मावशीने त्यांच्याकडून उचललं, मावशीकडून मी. ते स्वतः मात्र संग्रहालयात कधीच आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचे.

ह्या वर्षी सीमेवरचा रस्ता उघडला आणि पलीकडून म्हाताऱ्या माणसांची एक बस आली. मी शाळा सुटल्यावर नेहमीसारखी तिकीटखिडकीत डबा खात होते. मावशी म्हणाली, "आज मंत्र्याला सुट्टी देते, पाहुणे आहेत." तिने सेनापतीलाही जरा नरम केलं. मी डबा हातात घेऊनच मागोमाग फिरत होते. पण तिसऱ्या खोलीत पाय टाकला की तिचं तोंड आपोआप चालतं. दांडी तोंडावर गेली, ती थांबली आणि आवाज निघाला.

कुणी हसलं नाही. सवयीने मावशीच तेवढी हसली, आणि ते हसू कुठे ठेवावं हे तिला कळेना.

गटात निळा स्कार्फ बांधलेल्या एक बाई होत्या. त्या पुढे आल्या. मला वाटलं, आता भांडण होणार. पण त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा एकदम उजळला होता.

"ताई, आमच्या खोऱ्यातलाच आहे होऽ हा," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ती चाल ऐकली आणि माझ्या हातातला घास तसाच राहिला. "माझे वडील असंच बोलायचे. आता पोरं असं बोलत नाहीत, शहरातलं बोलतात. इतकं हुबेहूब कुठे शिकलात?"

"घरीच," मावशी म्हणाली.

"मग पुढे काय झालं? दिलं का पाणी त्याला?"

मावशीला तोफेचं वजन विचारा, बुटांचा नंबर विचारा, मंत्र्याच्या बायकोचं माहेर विचारा. ती कधी अडत नाही. इथे अडली. इतकी वर्षं सगळं गाव ह्या वाक्यावर हसत होतं आणि त्याच्या पुढचं वाक्य कुणी विचारलंच नव्हतं.

"विचारून सांगते," ती म्हणाली. "उद्या तुमची बस सुटायच्या आत नक्की सांगते."

संध्याकाळी काका चहात बिस्किट बुडवत होते. मावशीने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"अहो, त्याला पाणी दिलं होतं का?"

"कुणाला?"

"तुमच्या त्या फोटोतल्याला."

काका खुश झाले. चष्मा काढला. "दादाऽ, घोटभर—"

"आवाज नको. दिलं का, एवढंच सांगा."

"दिलं की. न द्यायला काय झालं?"

"लगेच?"

बिस्किट तुटून कपात पडलं. काका चमच्याने ते शोधत बसले.

"पहिल्यांदा बोलला तेव्हा आम्हाला हसू आलं. तसला सूर कधी ऐकलाच नव्हता ना. आमचा नाईक म्हणाला, परत म्हण. तो परत म्हणाला. मग आम्ही एकेकाने म्हणून बघितलं. जमेना कुणाला. मग तोच शिकवायला लागला, असं नाही दादा, असं. त्याला वाटलं, आम्हाला जमलं की पाणी मिळेल."

"आणि पाणी कुठे होतं?"

"भांडं माझ्या हातात होतं."

"किती वेळ?"

"घड्याळ कोण बघतंय. ओठ फुटले होते त्याचे, त्यामुळे तो सूर नीट लागेना, म्हणून आणखी मजा. शेवटी जमलं. सगळ्यांत आधी मला जमलं."

शेवटच्या वाक्यात एक बारीकसा अभिमान होता. तो मला ऐकू आला, मावशीला आला आणि मग काकांनाही. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आमच्याकडे न बघता कप घेऊन आत गेले. मोरीतला नळ बराच वेळ वाहत होता.

सकाळी चौकाकडे जाताना मावशी वाटभर पुटपुटत होती. मी शेजारीच होते, मला सगळं ऐकू येत होतं. एकदा तिने ते सेनापतीसारखं म्हणून बघितलं: "सदर कैद्यास पाणी देण्यात आले, तथापि". मग डॉक्टर वाईट बातमी देतात तसं. मग अगदी साधं: "बाई, दिलं, पण आधी त्याला नाचवलं." हे तिसरं बरं होतं. मी म्हटलं, "मावशी, हेच सांग." ती म्हणाली, "गप गं, चुकेल माझं."

निळ्या स्कार्फच्या बाई बसच्या पायरीवर उभ्या होत्या. बॅग आत, नजर रस्त्यावर.

"आलात, ताई. मला वाटलं विसरलात."

"दिलं," मावशी म्हणाली. "पाणी दिलं होतं त्याला."

"पण" म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. मी बघितलं. पण तेवढ्यात बाईंनी तिचे दोन्ही हात धरले.

"मी शाळेत शिकवायचे. अजूनही आठवड्यातून एकदा जाते. आमच्या पुस्तकात आहे, तुमच्या लोकांनी आमच्या पोरांना थेंबभरसुद्धा पाणी दिलं नाही. मी तेच शिकवत आले. आता सांगेन, तसं नव्हतं म्हणून." हात न सोडता त्यांनी विचारलं, "पहाऱ्यावरचा माणूस कोण होता, माहीत आहे का हो?"

"आमचे यजमान."

"मग त्यांना माझा नमस्कार सांगा. आठवणीने सांगा हंऽ."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. बाई खिडकीत बसल्या आणि बस वळेपर्यंत हात हलवत राहिल्या. मावशीही हात हलवत होती. बस दिसेनाशी झाल्यावरसुद्धा हलवत होती. मी तिचा हात धरून खाली आणला.

घरी काका दारातच होते.

"तुम्हाला नमस्कार सांगितलाय," मावशी म्हणाली.

"मला?" काका म्हणाले. "सगळं ऐकूनसुद्धा?"

"सगळं कुठे ऐकलं. पहिलं वाक्य ऐकलं आणि माझे हात धरले. मग 'पण' तोंडातच राहिलं."

"म्हणजे आता तिकडे पोरांना सांगणार, की मी—"

"हो. तुम्ही."

काकांनी भिंतीला हात टेकला. "फोन नंबर वगैरे घेतलास का?"

"नाही."

"गाव?"

"खोरं म्हणाली. कुठलं ते विचारायला तोंड नव्हतं मला."

जेवणं झाली. हात धुताना काका म्हणाले, "उद्या शाळा आहे का तुझ्याकडे?"

"मुलींची. टेपचाच वर्ग आहे."

"मी येतो. तिकडे नाही तर निदान इकडे तरी सांगतो. फोटोसमोर."

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. कोठाराच्या दारात जरा रेंगाळले, चपला काढाव्यात की काय असं त्यांना वाटलं असावं. पहिल्या दोन खोल्या मावशीने कुठलाही आवाज न काढता उरकल्या. मुली माझ्याकडे बघून खुणा करत होत्या, तुझी मावशी आजारी आहे का म्हणून.

तिसऱ्या खोलीत मावशीने दांडी खालीच ठेवली. "हे त्या वेळी इथे पहाऱ्यावर होते," ती म्हणाली. "त्यांना तुम्हाला काही सांगायचंय."

"हा माणूस," काका म्हणाले, "त्या खांबाशी बसला होता. मी इथे उभा होतो. पाण्याचं भांडं माझ्या हातात होतं. तो मला म्हणाला—"

आणि आवाज आलाच. अस्सल, मावशीच्या वरताण. वर चढला, घसरला.

सगळा वर्ग हसत सुटला. मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडमपेक्षा भारी." आमच्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला.

काकांनी हात वर केला. "नाही, तसं नाही. नीट ऐका. तो म्हणाला—"

पुन्हा तेच. हसू आणखी वाढलं, मुलींना वाटलं, मुद्दाम करतायत.

"साधं सांगा ना हो," मावशी हळू म्हणाली. "तुमच्या आवाजात."

"तेच करतोय मी," काका म्हणाले.

त्यांनी ओठ ओले केले. "दादा" एवढं त्यांनी सपाट म्हटलं, त्यांच्या स्वतःच्या, भाजीवाल्याशी बोलायच्या आवाजात. मग "घोटभर" म्हणताना मान आपसूक वर गेली, तिथेच त्यांनी तोंड मिटलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मुली तोंडावर हात धरून, हसायच्या तयारीत उभ्या होत्या.