एका ओंडक्याच्या चार काथवटी

औश्यात आमच्या मालकांसारखा कातारी दुसरा न्हवता. बायको हाय म्हनून म्हनत न्हाई, कुनालाबी इचारा! दुसरे कातारी शिसवाच्या ओंडक्यातून पीठ मळायची एक काथवट काढायचे आन् पोटातलं सोन्यासारखं लाकूड भुसा करून टाकायचे. आमचे मालक वाकड्या पटाशीनं एकीच्या पोटातून दुसरी, दुसरीच्या पोटातून तिसरी अलगद सोडवायचे.

बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या सुभद्राबाईचा नवरा दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता गेला. त्यानं बांधावर लावलेलं शिसव तोडून तिनं ओंडका आनला. म्हनली, "नरसिंगभाऊ, चार पोरी हायत. बापाच्या झाडाची एकेक काथवट सासरी जाऊ द्या."

"चार निघतील," हे म्हनले.

निघाल्याबी! खरादावरून उतरल्या तवा एकीत एक बसवून मला दाखवल्या, लई खुशीत. पर लाकूड ओलं व्हतं. एकदम सुकलं तर तडकनार, म्हनून भुशात पुरून वर गोनपाट टाकलं. पंधरा दिस उघडायचं न्हाई, रोज वरून पानी ओतायचं. पानी कुठलं? टँकर घरटी दोन घागरी देई. हे सोताच्या पिन्यातला तांब्या बाजूला काढायचे आन् खडी फोडायच्या कामावर जाताना बजावायचे, "ओत बरं का."

त्याच आठवड्यात आमच्या चांगुणाला हगवन लागली. दोन वर्साची पोर, डोळे फिरवून राहिली. मी त्यो तांब्या तिला पाजला. एक दिस न्हाई, धा दिस. सांजच्याला हे इचारायचे, "ओतलंस?" मी म्हनायची, "हाव." आग लागो माझ्या जिभेला!

पोर वाचली. उकरायच्या सकाळी भुसा ओला दिसावा म्हनून मी गुपचूप तांब्याभर शिंपडलं. चारीच्या चारी तडकलेल्या. हे भेगांवरून बोट फिरवत बसले. म्हनले, "लोभ केला मी. दोनच काढायच्या व्हत्या. हात चुकला." सुभद्राबाई तडकलेल्याच घेऊन गेली.

पोरीला पाजलं असं मी म्हनले असते तर हे रागावले नसते, ठाऊक व्हतं मला. पर सोताची तहान मारून दिलेलं पानी, आन् मी रोज खोटं बोलले. तोंडच उघडंना.

वाकडी पटाशी त्यांनी पुन्हा धरली न्हाई. ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला, तिथून साहेब आले, पोरांना शिकवा म्हनले, पगार देतो. "न्हाई साहेब, माझा हात चुकतो," हे म्हनले. मी चहा घेऊन दारात उभी. तवाबी गप.

पुढल्या साली हे गेले. चांगुणा आता म्हनती, "बानं चारचा हट्ट करायला नको व्हता, आई."

तिला कसं सांगू, त्या काथवटींचं पानी तूच प्यालीस म्हनून?