काचेच्या इमारती

सिंगापुरात बुकित पंजांगच्या एलआरटीत, म्हणजे छोट्या लोकल गाडीत, रोज सकाळी एक काका माझ्यासमोर बसतात. जहाजावरचे निवृत्त इंजिनिअर आहेत, एवढंच मला माहीत. नाव विचारायचं राहूनच गेलं. गाडी फ्लॅटांना चिकटून जाते तेव्हा लोकांची घरं दिसू नयेत म्हणून खिडक्या आपोआप धुरकट होतात. तेवढ्या वेळात काका फोन काढतात आणि मुलीने कॅनडाहून पाठवलेले इमारतींचे फोटो दाखवतात. खिडकी स्वच्छ झाली की फोन खिशात.

काल क्वेबेकचं किल्ल्यासारखं हॉटेल आलं. मला फार आवडलं.

"नुसता दगड आहे," म्हणत काकांनी ते पुढे सरकवलं. टोरांटोच्या एका काचेच्या टॉवरवर मात्र ते थांबले.

"काका, असे टॉवर तर इथे पैशाला पासरी आहेत."

"ती स्वतःचा फोटो पाठवत नाही," काका म्हणाले. "काच असली की फोटो काढणारा दिसतो."

त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. तळमजल्याच्या काचेत लाल कोटातली एक मुलगी उभी होती. चेहऱ्यासमोर फोन होता.

"बारीक झालीये," काका म्हणाले.

खिडकी कधीच स्वच्छ झाली होती. फोन त्यांच्या हातातच होता.