कोक्स म्हणजे फूस लावणे

गुलाबच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबूजी गेले." मी विचारलं, "कुठं? जालन्याला?" मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला... नको तेव्हा नको ते बोलण्याचा माझा लौकिक जुना आहे, आणि त्याचा पहिला फटका गुलाबलाच बसला होता. निदान जाताना तरी त्याला सूट मिळायला हवी होती.

भोकरदनच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. आजोबा राजस्थानातून आलेले. मी कुणब्याचा, पण शाळेत एकाच सतरंजीवर आम्ही शेजारी. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून चाले, इंग्रजीसुद्धा उर्दूतूनच शिकायचं. कापडाच्या ताग्यातले पुठ्ठे कापून गुलाबनं इंग्रजी अक्षरं केली होती. ती उपडी टाकायची, मूठभर उचलायची आणि शब्द जुळवायचा. सोप्या अक्षराला एक चिंचोका, अवघड अक्षराला जास्त. एक्सला सगळ्यांत भारी भाव.

एकदा त्यानं सी, ओ, ए आणि शेवटी एक्स मांडला. माझे चिंचोके जाणार हे दिसल्यावर मी अडून बसलो.

"को-ॲक्स? असला शब्दच न्हाई."

"कोक्स म्हण. त्यातला ए गप बसतो. तुला जमंना ते त्याला जमतं."

भांडत मास्तरसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "लफ्ज सही है. मतलब फुसलाना... पुचकारून, पुन्हा पुन्हा मनवणं." माझ्या डोक्यात पहिला शब्द तेवढा शिरला. फुसलाना म्हणजे आपली फूस लावणे, असा हिशेब मी परस्पर लावून टाकला.

पुढची शाळा औरंगाबादला. माझं ठरलं होतं. गुलाबला जायचंच होतं, पण दुकान सोडून पोरगा पाठवायला त्याचे वडील, सेठजी, तयार नव्हते. "तू बोल रे. माझी तर जीभच उचलत न्हाई त्यांच्यापुढं," गुलाब म्हणाला. अशा कामाला त्यानं मला निवडलं, इतकीच त्याच्या हुशारीत खोट.

मी गेलो. सेठजी गादीवर बसले होते. मी म्हणालो, गुलाबला माझ्याबरोबर औरंगाबादला पाठवा. म्हणाले, "इंग्रजी, इंग्रजी करून राह्यले तुम्ही. एक लफ्ज तर सांग, काय शिकले ते." मी छाती काढून सगळ्यांत महागाचा शब्द काढला. "कोक्स, सेठजी."

"मतलब?"

"फूस लावणे."

त्यांनी माझ्याकडे निवांत पाहिलं. "हां... तेच तर करून राह्यला तू." आणि गिऱ्हाइकापुढं लुगडं उलगडलं. ताग्यांच्या आड उभा असलेला गुलाब खाली बघत होता.

मी औरंगाबादला गेलो, तो दुकानात बसला. पुढं एका जाड शब्दकोशात वाचलं, की या क्रियापदाच्या मुळाशी भोळसट माणसासाठीचा एक जुना शब्द आहे. आधी अर्थ होता मूर्ख बनवणे, मग लाड करणे, आणि मग गोड बोलून वळवणे. माझ्या किश्श्याला हे शेपूट छान शोभलं. लग्नात, बारशात, मी शिकवायचो त्या शाळेतल्या मास्तरांच्या खोलीत मी तो सांगत आलो. लोक हसायचे. गुलाब समोर असला तर तोही हसायचा.

शेवटी भेटलो तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. सुनेनं आग्रह केला म्हणून पुन्हा तोच किस्सा, शेपटासकट. ती हसत आत गेली. गुलाब छताकडे बघत म्हणाला, "पुढचं तुला ठावंच न्हाई."

"काय?"

"बापू दुसऱ्या दिवशी जेवताना बोलले. तो कुणब्याचा पोरगा यील परत. आला की हो म्हणू." मग माझ्याकडे मान वळवली, "तू आलाच न्हाई."

"अरे, मंग सांगावा तरी धाडायचा..."

"मी कसा धाडू? मनवणं दुसऱ्यानं करायचं असतं."

खरं होतं. मी आठवडाभर गावातच होतो. शरमेनं बाजाराचा रस्ता टाळून फिरत होतो. मूर्खपणा शब्दाच्या अर्थात झाला, असं समजून मी जन्मभर तो मिरवला. सेठजी तर त्या अर्थाला हसले असतील घरी. मी फक्त एकदाच विचारून निघून आलो होतो. एकदा विचारण्याला कोक्स म्हणत नाहीत, हे मास्तरसाहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं... मी पुढं इंग्रजीच शिकवलं, हे आणखी एक.

मागच्या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन आलो. सून म्हणाली, "काका, चहा ठेवू?" मी सवयीनं नको म्हणालो. त्या घरात माझा पहिला नकार कधी कुणी धरलाच नव्हता. गुलाब म्हणायचा, "अर्धा घे." मग, "बिनसाखरेचा घे." मग, "बरं, माझ्यासाठी घे." तोवर कप हातात आलेला असायचा.

सून "बरं" म्हणाली, पाण्याचा पेला ठेवला आणि समोर बसली. तिचं काही चुकलं नाही. मी नको म्हणालो होतो.