चहाबी न्हाई

आईची शुगर तपासायला आम्ही दर महिन्याला नांदेडला जातो. पाच-सहा डॉक्टरांनी मिळून चालवलेला दवाखाना आहे. तिथल्या सूचनाफलकाखाली एक म्हातारे गृहस्थ हमखास दिसायचे. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, मांडीवर शाळेची वही. फलकावरची प्रत्येक सूचना ते उतरवून घ्यायचे, पण स्वतःचा नंबर कधी लावायचे नाहीत. शेवटी मला राहवेना. मी शेजारी बसून वहीत डोकावलो.

फलकावर रक्ततपासणीची वेळ सकाळी दहाची होती. यांनी लिहिलं होतं, ‘सातची बस.’

“भोकरच्या पुढं गाव हाय आमचं,” ते म्हणाले. “सातची हुकली की दिवस गेला. गिरणीपाशी वाचून दाखवतो समद्यायला.”

‘उपाशीपोटी यावे’च्या पुढे त्यांनी आपल्या पदरचं जोडलं होतं, ‘चहाबी न्हाई.’ खाली दोन रेघा.

“चहाला आमच्याकडं कुणी खाणं धरीत न्हाई. आमच्या मंडळीला मीच पाजून आणलं होतं. उद्या या म्हणले. मंग कापूस वेचायला आला, ती काय आली न्हाई. आली तवा पाय कापावा लागला.”

त्यांनी वही मिटली.

तेवढ्यात नर्सने आईचं नाव पुकारलं. मी वळून पाहिलं. आई पदराशी चाळा करत होती.

“अर्धाच कप घेतलाय,” ती हळूच म्हणाली.