फौजी असला तर डबल-अपच

आमची बटालियन तेव्हा नियंत्रण रेषेवर होती. पोस्टवर मराठवाड्याचे दोघंच. मी देवणीकडचा आणि नर्सिंग असिस्टंट लान्सनायक भीमराव लोह्याजवळचा. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज, मग चहा, मग हत्यारांची सफाई. चहाच्या वेळी भीमराव प्रथमोपचार शिकवायचा. बर्फात बसून साप चावल्यावर काय करायचं ते सांगायचा, म्हणून आम्ही त्याची टर उडवायचो.

"हसा लेकहो," तो म्हणायचा. "सुट्टीत गावाकडंच जानार न्हवं? साप चावला की गडी पळत सुटतंय. फौजी असला तर डबल-अपच! पळाल तितकं इख लवकर चढतंय. बसून ऱ्हायचं, पाय हालवायचा न्हाई."

"आन् एकटाच असलो तर?" मी विचारलं.

"वरडायचं. कुनीच न्हाई आलं तर बसत बसत, सावकाश निघायचं. कापायचं न्हाई, चोखायचं न्हाई, आवळून बांधायचं न्हाई. दवाखाना गाठायचा."

त्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर आलो. आदल्या वर्षी पावसानं पाठ फिरवलेली, शिवार उघडंबोडकं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, तरी आमचे म्हातारे पत्त्यात उस्मानाबादच सांगायचे. दुपारी जनावरांसाठी कडबा काढायला एकटाच शेतात गेलो. गंजीतली पेंढी ओढली आणि घोट्याजवळ आग पेटली. घोणस होती. ती सरसर निघून गेली.

मी गावाकडं धावत सुटलो. पोस्टवर काही घडलं की धावत जाऊन रिपोर्ट द्यायचा, ही वर्षानुवर्षांची सवय. चार ढांगा टाकल्या आणि भीमरावचं 'डबल-अपच' आठवलं. जागच्या जागी बसलो. चप्पल काढली, पायातला काळा दोरा तोडला. पाय सरळ ठेवून तुराटीच्या काड्यांना पटक्यानं सैलसर बांधला. मग आरोळ्या ठोकायला लागलो. पाय फुगत होता. मरणाची भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

शेजारच्या शेतातले शंकरअप्पा धावत आले. पाय बघून त्यांनी चाबकाची वादी सोडली.

"बांधू नका, अप्पा."

"मग मारुतीच्या पारावर चल. लिंबाचा पाला चावून बघ. गोड लागला तर इख हाय."

आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या असंच करायचे. पाला चावण्यात वेळ जायचा आणि माणूसही.

"पाला ऱ्हाऊ द्या. गाडी जुपा. उदगीरला, दवाखान्यात."

अप्पांनी जन्मात कुणाचं ऐकलं नसेल, पण माझा आवाज ऐकून गाडी जुंपली. उदगीरला इंजेक्शनं मिळाली. पाय काळानिळा पडला, पण वाचला. सुट्टी वाढवून घ्यावी लागली. खाटेवर पडल्या पडल्या एकच विचार, परत गेल्यावर भीमरावला हे सगळं कसं रंगवून सांगायचं. तो किती फुशारेल, हे मला दिसत होतं.

बेस कॅम्पवर पोहोचलो तेव्हा वायरलेस ऑपरेटरला म्हटलं, पोस्टला जोडून दे.

"भीमरावला सांगा, मी आलोय. ओव्हर."

खरखरीतून पोस्टवरचा आवाज आला.

"भीमराव राहिला नाही. जखमीला आणायला गेला होता. गोळी लागली. ओव्हर."

मी "रॉजर" म्हणालो.

पुढच्या सुट्टीत लोह्याजवळच्या त्याच्या घरी गेलो. भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी त्याचा गणवेशातला फोटो होता. त्याच्या आईला सगळं सांगितलं. "माझा भीमा असं म्हनाला व्हता?" असं विचारत तिनं मला तेच तेच सांगायला लावलं. मी त्याच्याच बोलीत सांगत राहिलो. मलाही त्याचा आवाज ऐकायचा होता.

शेवटी ती खाली बसली. माझ्या घोट्यावरच्या व्रणावरून तिनं हात फिरवला.

"ह्यो पाय माझ्या भीमाचा हाय. जप बाबा."