राब आणि पालापाचोळा

आगीला न घाबरणारी माणसं भिवंडीत पुष्कळ असतील, पण आगीशी अदबीने वागणारा माणूस मी एकच पाहिला आहे, आणि ते म्हणजे आमच्या समोरचे काका. पाहुण्याला पाट मांडावा तशी ते तिच्यासाठी जागा करतात. आधी झाडतात, मग शेणी रचतात, वर पानं, त्यावर बारीक काटक्या, शेवटी मातीचा पातळ थर. मग करंगळी ओली करून वारा कुठून येतो ते पाहतात आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूने काडी लावतात, म्हणजे आग धावत सुटत नाही, चालत येते. हे सगळं धामणकर नाक्याच्या मागे, दोन्ही बाजूंनी कापडाचे लूम खडखडत असलेल्या गल्लीत, त्यांच्या घरापुढच्या खाटेएवढ्या मातीच्या तुकड्यावर चालतं.

मला आधी कळायचंच नाही की हे काय आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे ‘राब’ म्हटल्यावर मला फक्त राबणं आठवलं. मग कळलं, की भाताचं रोप ज्या जागेत पेरायचं ती जागा आधी अशी भाजून घेतात. गवताचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, रोप अलगद उपटून येतं. काका मला नावाने कधीच हाक मारत नाहीत. “काय गो इंग्लिश,” त्यांनी एकदा खालूनच विचारलं, “राबाला तुमच्यात काय बोलतात?” मी गॅलरीतून हळूच म्हटलं, “सीडबेड बर्निंग.” ते म्हणाले, “एवढा लांबडा? बोलून व्हईतवर इस्तू इझंल.”

वडपे गावातली त्यांची शेती आता गोदामांखाली आहे. पण दिघाशीला बहिणीचं थोडं शेत उरलंय, आणि तिथे लावायचं रोप आपल्याच हातचं असलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट आहे. बहीण दरवर्षी म्हणते, “दादा, रोप गावात मिळतं रे.” दादा दरवर्षी रोपांच्या जुड्या ओल्या गोणीत घालून शेअर रिक्षाने निघतात. बाकीच्या प्रवाशांच्या पायाशी पाणी ठिबकतं, आणि काका त्यांनाच सांगतात, “पाय जरा वर घ्या, रोप दबंल.”

राबासाठी वर्षभर गल्लीतला पाला गोळा करायचं काम चालू असतं. त्यांची पानांबद्दलची मतं माणसांबद्दल असावीत इतकी ठाम आहेत. बदामाचं पान भडक डोक्याचं. आंब्याचं समजूतदार. फणसाचं आळशी, पण एकदा पेटलं की शेवटपर्यंत साथ देणारं. पाल्यात गुटख्याची पुडी सापडली तर तांदळातला खडा काढावा तशी वेचून बाजूला ठेवतात आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, “ह्याला शेत न्हाय, ह्याला घर न्हाय, ह्याला तोंडच हाय नुसतं.”

शेजारचे लूमवाले चाचा मात्र राबाच्या दिवसांत हैराण असायचे. “काका, कोरे कपडे पे राख बैठती है, पार्टी माल वापस करती है!” काका शांतपणे म्हणायचे, “राख नहीं है वो, खत है. रहने दो, कपडा उगेगा.” चाचा कपाळाला हात लावायचे, आणि संध्याकाळी दोघं एकाच कट्ट्यावर बसून चहा प्यायचे.

शेवटी कुणीतरी तक्रार केलीच. पालिकेचे तरुण निरीक्षक आले. त्यांनी समजावून सांगितलं, की शहराच्या हद्दीत उघड्यावर पालापाचोळा जाळायला मनाई आहे, गोणीत भरून घंटागाडीला द्या किंवा खड्ड्यात कुजवा. काकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

“साहेब, पालापाचोळा म्हंजे पडलेला. ह्यो मी जमवलेला हाय.”

“काका, जमवला तरी कचराच ना?”

“कचरा न्हाय. राब हाय.”

“नियमात राब असा शब्द नाही.”

“मंग नियम राबाला कसा लागंल?”

निरीक्षक हसू दाबत म्हणाले, “आमच्या गावी असलं काही जाळत नाहीत.”

“गाव कंचं?”

“घाटावर.”

“म्हनून तर तुम्हाला बाजरी खावी लागते,” काका मनापासून हळहळले. निरीक्षक ताकीद देऊन गेले, पण जाताना भाजून काळी झालेली माती बुटाच्या टोकाने उकरून बघून गेले. पुढच्या उन्हाळ्यात काकांनी पुन्हा राब रचला. म्हणाले, “साहेब शाना हाय, त्याला समजलंय.”

साहेबांना काय समजलं ते माहीत नाही. काकांना जे समजलं ते मात्र मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मला धुराने दम लागतो. राबाच्या दिवसांत मी खिडक्या लावून घेई आणि अभ्यास आहे असं सांगे. त्या उन्हाळ्यात राब पेटवला त्या संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढायला गॅलरीत गेले आणि छाती दाटून आली. कठड्याला टेकून मी दम्याचा पंप तोंडाला लावला. खाली काका फावडं टेकून उभे होते. त्यांनी वर पाहिलं. मी पंप ओढणीखाली लपवला आणि आत गेले. थोड्या वेळाने पडद्याआडून पाहिलं, तर ते बादलीने पाणी ओतत होते. निम्मा राब भाजला होता, निम्मा नुसताच भिजून पडला होता. काकूंनी दारातूनच विचारलं, “अवो, इझवला कशाला?” काका म्हणाले, “वारा फिरला.” दोरीवर राहिलेला माझा दुपट्टा हलतही नव्हता.

यंदा राब झालाच नाही. पाला खड्ड्यात गेला, निरीक्षक येऊन कौतुक करून गेले, चाचांनी गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. काकांनी न भाजलेल्या मातीतच भात पेरला. रोपाबरोबर गवतही तितक्याच उत्साहाने वर आलं. काका स्टुलावर बसून ते वेचत राहिले. एके दिवशी मीही खाली गेले. मला दोन्ही सारखंच हिरवं दिसत होतं. मी भाताची काडी उपटली की ते ती परत खोचत.

रोप काढायच्या दिवशी माती सोडेचना. ओढलं की मुळं तुटत, हातात नुसती पाती येत. काकांनी चार-पाचदा ओढून पाहिलं आणि हात थांबवला. मी बराच वेळ मनात जुळवलेलं वाक्य बोलून टाकलं, “काका, पुढच्या वर्षी राब भाजा. मी तेवढे दिवस मावशीकडे जाईन.”

“येडी का काय तू,” ते मान वर न करता म्हणाले. “लेकीला घराबाहेर काढून कोन राब भाजतंय गो?”

मग त्यांनी खुरपं आणलं आणि रोपं मातीच्या ढेकळासकट खणून काढली. एकेक ढेकूळ दोन्ही हातांत धरून गोणीत ठेवलं. रिक्षा स्टँडपर्यंत गोणीचं दुसरं टोक मी धरलं. गोण फार जड होती. तिच्यात रोपांपेक्षा मातीच जास्त होती.