खुर्चीत कोणी आहे का?

आमच्या इमारतीत माझ्या वडिलांना 'माकडवाले काका' म्हणत. तोंडावर नाही, पण बाबांना ते माहीत होतं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. झालं होतं असं, की वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा जिन्यात त्यांना म्हणाल्या, "माणूस म्हणे माकडापासून झाला! मग उरलेली माकडं का नाही झाली माणसं?" बाबांच्या हातात भाजीची पिशवी होती. ती त्यांनी पायरीवर ठेवली. काकूंनी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पुढचा पाऊण तास बाबा बोलत होते. "माकड आपला बाप नव्हे हो, चुलत भाऊ. तुम्हाला मुलं झाली म्हणून तुमचा चुलत भाऊ नाहीसा झाला का?" तिकडे काकूंचं दूध उतू गेलं आणि इकडे बाबांना नाव पडलं ते पडलंच.

बाबा प्राध्यापक नव्हते. दहावीनंतर शाळा सुटली आणि ते एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मदतनीस म्हणून लागले, ते चौतीस वर्षं तिथेच राहिले. मेलेले प्राणी ठेवलेल्या बरण्यांमधलं फॉर्मॅलीन बदलायचं, सांगाड्याचं निखळलेलं हाड तारेनं बांधायचं, बरणीत टाकायच्या चिठ्ठ्या पेन्सिलनं लिहायच्या, कारण शाई विरघळते. प्राध्यापक पुढे शिकवत, बाबा मागे बरण्या पुसत ऐकत. प्राध्यापक बदलत, धडा तोच. एखादा नवा प्राध्यापक चुकला की मागून बाबा खोकत. त्या खोकल्याला विभागात सगळे वचकून असत.

त्यांची मतं ठाम होती आणि कुणी विचारायची वाट न बघता ती बाहेर पडत. झुरळाबद्दल त्यांना आदर होता. "आपल्या कितीतरी आधीपासून आहे ते. मारायचं तर मार, पण हसू नकोस." मांजर प्रेम करत नाही, ती आपल्याला चालवून घेते. आणि हे सगळं कुणी ठरवून बनवलेलं नाही, जे निभावलं ते राहिलं. पुरावा म्हणून ते स्वतःचा दुखरा गुडघा दाखवत. "डोकं ठिकाणावर असलेल्या कुणी असला गुडघा बनवला असता का?"

सिनेमा मात्र त्यांना भुताचाच लागे. आई, ते आणि मी, आम्ही तिघं जायचो. लोक घाबरून खुर्चीचे हात धरत आणि बाबा आमच्या कानात बोलत. "हे भूत भिंतीतून आरपार जातं ना? मग जिन्यावरून कसं चाललंय? पाय पायरीतून खाली जायला नकोत?" पुढच्या रांगेतून 'शू' आलं की दोन मिनिटं गप्प. मग पुन्हा. "माणूस मेला, भूत झालं, एक वेळ मान्य. त्याच्या कोटाचंही भूत झालं काय?" आई तोंडावर रुमाल धरून हसे. मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं, आणि खरं सांगते, आज कुणी 'शू' म्हणावं असं काही उरलं नाही याचं मला वाईट वाटतं.

चार वर्षांपूर्वी आई गेली. महिनाभरानं आत्या येऊन म्हणाली, "वहिनी येऊन जाते रे. मला पावलं ऐकू येतात." बाबा शांतपणे म्हणाले, "मेलेल्यांच्या खोलीत चौतीस वर्षं काढली मी. एकानंही कधी हाक मारली नाही. गेली ती गेली." मग ते न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला. मला त्यांचा भयंकर राग आला. एकदा तरी, निदान आत्याच्या समाधानासाठी तरी, 'हो' म्हणावं माणसानं. पण खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही.

मागच्या वर्षी त्यांना टेबलाखाली कुत्रा दिसला.

त्यांनी चार दिवस मला काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी मी कामावर निघाले होते, तेव्हा म्हणाले, "टेबलाखाली एक तपकिरी कुत्रा बसलाय. सावली पडत नाही त्याची, म्हणजे तो नसणार. तरी एकदा तू बघ." मी वाकून बघितलं. तिथे त्यांच्या चपला होत्या.

डॉक्टर म्हणाले, मेंदूचा आजार आहे. नसलेलं दिसेल, पुढे आठवण जाईल, विचार जाईल. औषधानं थोडं सावकाश होईल, थांबणार नाही. परत येताना बाबा म्हणाले, "दिसू दे काय दिसायचं ते. सिनेमा समजेन, तोही फुकट. पण ज्या दिवशी मी त्यावर विश्वास ठेवला ना, त्या दिवशी मी संपलो. तेवढं होऊ द्यायचं नाही."

त्यांनीच नियम ठरवला. काही संशयास्पद दिसलं की ते मला विचारणार आणि मी एकाच शब्दात सांगायचं, आहे किंवा नाही. "दया दाखवायची नाही. मला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नाही. माझ्या डोळ्यांचा भरवसा गेला, आता तुझे वापरणार." मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना भिंग बदलून 'आता दिसतं का' विचारायचं, हेच माझं काम. मला वाटलं, यात काय अवघड आहे!

आठ महिने नियम चालला. "खुर्चीत कोणी आहे का?" "नाही." "पडद्याच्या दांडीवर बदकं आहेत का?" "नाही." एवढं ऐकलं की ते मान वळवत आणि पुन्हा त्या बाजूला बघत नसत. नसलेल्याकडे बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, हे त्यांनी स्वतःला हट्टानं शिकवलं होतं. टीव्हीवर सिनेमा लागला की विचारत, "हे तरी आपल्या दोघांना दिसतंय ना?" आम्ही हसायचो. त्यांची तारीख चुकायला लागली, शर्टाची बटणं चुकायला लागली, पण बदकं खरी नाहीत हे पक्कं होतं. आजार सगळं नेत होता, तेवढं सोडून. आणि ते माझ्या शब्दावर टिकून होतं, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. कळलं असतं तर मी जीभ चावून घेतली असती.

तो रविवार होता. दुपारचा चहा घेऊन मी त्यांच्यासमोर आले. ते पलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता, जसा मी चार वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी 'कोणी आहे का' असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "खुर्चीत तुझी आई आहे का?"

मी दमले होते. सकाळपासून तीनदा चादर बदलली होती. पण ती सबब झाली. खरं कारण म्हणजे मला त्यांच्या चेहऱ्यावरचं ते जाऊ द्यायचं नव्हतं. आणि आईला पुन्हा एकदा 'नाही' म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

"आहे," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघायला लागले. "नीट बघ."

"आहे, बाबा. बसलीय ना. तुमच्याकडेच बघतेय."

मला वाटलं, ते आता आईशी बोलतील. रडतील. निदान पाच मिनिटं तरी त्यांना ती मिळेल. बाबांनी कप खाली ठेवला. खुर्चीकडे एकदा बघितलं, मग मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "माझी मुलगी असं कधीच म्हणणार नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. आणि त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली.

मी त्यांच्या पाया पडले. "बाबा, खोटं बोलले मी. खुर्ची रिकामी आहे. नाही, नाही, नाही!" मी ओरडले, त्यांचे खांदे धरून हलवले. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मी थांबेपर्यंत उघडले नाहीत.

हे एका दिवसाचं असेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. मी ताट हातात दिलं तर घेत नाहीत. ताट ठेवून मी बाहेर गेले की जेवतात. त्यांच्याकडे बघायला एक मावशी दिवसभर असतात, त्यांच्याशी ते बोलतात. एकदा त्यांना म्हणाले, "मुलगी बऱ्याच दिवसांत आली नाही हो माझी." मावशी म्हणाल्या, "अहो, ही काय समोर उभीय!" बाबांनी मावशींकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, "तुम्हालाही दिसायला लागली?" त्यानंतर त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. आता त्यांचं त्यांनाच ठरवावं लागतं. चालते-बोलते, खोकते, भांडी आपटते, अशी मी रोज त्यांच्यासमोर असते आणि रोज खोटी ठरते. मला हे पटवून देता येत नाही. पटवायला जे लागतं ते माझ्याकडे एकच होतं आणि ते मी त्या दुपारी घालवलं.

गेल्या आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मावशींनी हात धरला होता म्हणून ते आले. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, "काय, आजकाल काय काय दिसतं?"

"कुत्रा येत नाही हल्ली," बाबा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज तरतरीत होता, पूर्वी जिन्यात असायचा तसा. "बायको एकदाच दिसली. आता एक मुलगी दिसते. आमच्या मुलीसारखी, अगदी हुबेहूब. बोलते, जेवण आणून ठेवते, कोपऱ्यात बसून रडतेसुद्धा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. बाबा टेबलावर पुढे झुकले आणि त्यांना धीर देत म्हणाले, "पण तुम्ही काळजी करू नका, डॉक्टर. मी तिच्याकडे बघत नाही."